थेंब घट्ट का होतात

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडा गावच्या शाळेत वर्गावर होते. दादा म्हणाला, "गेली अक्का. तू ये, पण लेकरं आणू नगं." मी विचारलं, "कावून?" "रोगाचं घर हाय..." त्या क्षणी रडू आलं नाही, संताप आला. काही आठवडे झाले, तो अजून शमलेला नाही.

माझी थोरली बहीण शैलजा, आमची अक्का, पुण्याच्या प्रयोगशाळेत पेशींमधल्या प्रथिनांवर काम करायची. एका दिवाळीला दिंद्रुडच्या घरी वहिनीनं विचारलं, "अक्का, तुमी तिथं करता तरी काय?" अक्कानं वाटीतल्या आमटीवरचे तेलाचे थेंब दाखवले. दोन थेंब जवळ आले, एक झाले. "पेशीतबी प्रथिनं अशीच गोळा होऊन थेंब करतात. भवती पडदा न्हाई, तरी वेगळे राहतात. काम झालं की विरघळतात. काही मात्र घट्ट होऊन बसतात. ते कावून, हेच शोधते मी." वहिनी हसली, "आमटी गार व्हायली, जेवा आता."

पुढे अक्काचेच हात लुळे पडू लागले, मग पाय, मग जीभ जड झाली. चेतापेशी मरत जाण्याचा आजार. त्या पेशींत प्रथिनांच्या अशाच घट्ट गाठी सापडतात. ती दिंद्रुडला परतली, आणि गावानं ठरवून टाकलं की प्रयोगशाळेतून रोग लागला. शेजारणी अंगणातूनच विचारपूस करून जात. वहिनीनं तिचं ताट वेगळं केलं. ज्या विषयात तिनं उभं आयुष्य घातलं, त्यातलं तिचं एक वाक्य घरात कुणी खरं मानलं नाही! मी भांडायला उठले तर तीच म्हणाली, "गाठींमुळं पेशी मरते, का मरताना गाठी होतात... आमालाच अजून कळंना. त्यांना काय बोलू?"

"पर लागत न्हाई, हे तर नक्की हाय ना?"

तिनं डोळे मिटून हो म्हटलं.

शोकसभेत एका पुढाऱ्यानं सांगितलं, ताईंनी जंतूंशी लढता लढता प्राण दिला. माना डोलल्या. मी उठून माईक घेतला. "यात जंतू नव्हते. हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही..." माईक माझ्या हातातून काढून घेतला गेला, आणि स्तब्ध उभं राहायला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दादा तिची वाकळ जाळायला परसात घेऊन निघाला. आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली, कड्याला आणली. रोज तीच पांघरते. पहाटे गारठा वाढला की माझी लेकरंही तिच्यात शिरतात... शिरू देते.