आमचं येसर, आपलं येसर

आमच्या पहिल्या वेबसाईटपायी मी माझ्या थोरल्या जावेच्या कानाची पाळी फाडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला गरीब बिचारी समजायला नको. तिनं त्याआधी माझ्या दंडावर तापलेलं उलथनं मारलं होतं, तेही खरं. पण तिला तिथवर नेलं मीच.

मुकुंदवाडीत, स्टेशनकडून आत येणाऱ्या गल्लीत आमचं घर. घरापुढच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघी येसर आणि काळा मसाला करून विकायचो. येसर म्हणजे गहू, डाळ, बाजरी, धने आणि मसाल्याचे जिन्नस वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नातल्या आमटीत ते नसलं की पाहुणे नाक मुरडतात. भाजायचं काम थोरलीचं. नुसत्या वासावर ती कढई उतरवायची, घड्याळ बघितलेलं मी तिला कधी पाहिलं नाही. दळण, पाकिटं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडं. माझे थोरले दीर सहा वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर या घरात तिची म्हणून जी काही जागा उरली, ती त्या कढईपाशी होती.

वेबसाईटचं खूळ माझं. ती करून देणारी पोरगी गारखेड्याहून स्कूटीवर यायची. तिनं मला एका कागदावर लिहून दिलं होतं, कोणकोणती पानं हवीत, कशाकशाचे फोटो लागतील. त्यात एक पान होतं, 'आमच्याबद्दल'. ते मी तीन दुपारी बसून लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं आणि मला स्वतःचा भलता अभिमान वाटत होता.

आता 'आमचं' या एका शब्दाचं सांगायला हवं. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या तोंडी तो सारखा असायचा. 'आमच्यात असं करत नाहीत.' 'आमच्या घरात असलं चालत नाही.' त्या आमच्यात आम्ही दोघी नसायचो. आम्ही बाहेरून आलेल्या. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा रडत बसले होते, तेव्हा थोरलीनं मला पिठाच्या डब्यामागं ओढलं आणि सांगितलं की आपण दोघींनी एकमेकींशी हा शब्द बोलायचा नाही. आपलं म्हणायचं. आपली चूल, आपलं येसर. सासूबाई गेल्यावरही आम्ही ते पाळलं.

पोरगी लॅपटॉप घेऊन दाखवायला आली तेव्हा भर दुपार होती. थोरली गहू भाजत होती. पोरगीनं पान मोठ्यानं वाचलं. 'आमच्या घरची परंपरा, आमचं येसर, आमच्या हातची चव.' खाली फोटो होता. मी पाकीट धरून हसतेय आणि बाजूला कढईवर नुसता एक हात. थोरलीचा. मनगटापर्यंत.

तिनं गॅस बारीक केला नाही. तशीच विचारती झाली, "आमचं म्हंजे कुणाचं गं?"

मी म्हणाले, गिऱ्हाइकाशी बोलताना असंच लिहितात. गिऱ्हाइकाला आपलं येसर कसं म्हणणार, ते काय त्याच्या घरचं आहे? बोलणं बरोबरच होतं माझं. पोरगीनंही मान हलवली. थोरली म्हणाली, मग नुसता हातच का? मी म्हणाले, फोटो नीट बसत नव्हता. ती बघत राहिली. गहू करपायला लागले होते, आणि करपल्याचा वास तिच्या नाकाला कळला नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते. त्याचा मला राग आला. कशाचा राग कशावर काढतोय ते कळण्याआधी मी बोलून गेले, "तुमचं इथं हाय तरी काय?"

उलथनं कधी आलं ते दिसलंच नाही. दंडाची कातडी चरचरली तेव्हा कळलं. मग मी तिच्या अंगावर गेले. तिनं माझा आंबाडा धरून डोकं पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा. माझ्या हाताला तिचं कानातलं लागलं आणि मी ते ओढलं. नुसतं धरलं नाही, ओढलं. पाळी तुटल्याचं बोटांना जाणवलं, तरी मी सोडलं नाही. मिरच्यांची परात उलटली आणि दोघींच्या डोळ्यांत आग शिरली. दिसत नव्हतं तरी आम्ही हात चालवत होतो. लागेल तिथं मारत होतो. मला त्यात सुख वाटत होतं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं. पोरगी लॅपटॉप छातीशी धरून गल्लीत पळाली आणि तिच्या ओरडण्यानं शेजारीण आली. तिनं घागरभर पाणी आमच्यावर ओतलं तेव्हा आम्ही सुटलो.

संध्याकाळच्या आत थोरली फुलंब्रीला माहेरी निघून गेली. कानाला टाके पडले होते. नवरा कंपनीतून आला, माझा दंड बघितला, कढई बघितली आणि जेवायला न मागता झोपला.

पुढच्या आठवड्यात मी येसर तीनदा केलं. पहिलं कच्चं राहिलं, दुसरं कडू झालं, तिसरं मी परातीसकट भिंतीवर फेकलं. पोरगी फोन करून विचारायची, साईट चालू करू का? विकायला येसर नाही आणि साईट कसली चालू करते? मी तिच्यावरच खेकसायचे.

शेवटी एसटीनं फुलंब्रीला गेले. थोरली भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. कानाला पट्टी होती. तिनं पाणी दिलं, पण खाली बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच बोलले. "ती भाषेची चूक नव्हती, जाऊबाई. फोटो मीच कापायला लावला. तुम्हाला वगळूनच लिहिलं होतं ते. समदे म्हणायचे, खरी चव थोरलीच्या हातची. मला ऐकवत नव्हतं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "नुसती चूक असती तर हसले असते मी. उलथनं कशाला उचललं असतं?"

मी तिला परत चला म्हणाले. पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. भावानं पुढची खोली रिकामी करून दिलीय, कढई इथंच मांडणार, असं तिनं सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं.

मी निघाले तेव्हा तिनं हाक मारली. "त्या गारखेड्याच्या पोरीचा नंबर दे. मलाबी साईट करायची हाय."

मी तिच्या मोबाईलमध्ये नंबर टाकून दिला. तिनं माझ्यासमोरच फोन लावला आणि पहिल्या पानावर काय काय लागतं ते विचारायला लागली.