तीळ शोधायला आलेले डॉक्टर

साठ सालानंतरची गोष्ट. मी बंगळूरच्या एका कारखान्यात इंजिनियर होतो. माझ्या मणक्यातून शाईसारखी काळी गाठ काढली, तेव्हा सर्जन म्हणाले, "बहुधा अंगावरच्या एखाद्या तिळाचा कॅन्सर पाठीत उतरलाय."

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपवाले डॉक्टर तो तीळ शोधायला आले. उंच, पोक काढलेले, हातात भिंग. जिवंत माणसांची त्यांना सवय नसावी. मी शिंकलो तर तेच दचकले.

"स्वल्प स्थिर राहा," ते म्हणाले. "आमचे बाटलीतले नमुने हलत नाहीत."

त्यांनी टाळू, डोळे, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, सगळं न्याहाळलं. कानामागे मात्र ते थबकले आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडला तीळ. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर डाग चक्क पुसला गेला!

"अहो, ती तीट आहे!" माझी अक्का दारातून ओरडली. "दृष्ट लागू नये म्हणून मीच लावली!"

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "सरी, ठीक आहे. तीळ कुठेच नाही. म्हणजे ही गाठ नसेच्या आवरणातच जन्मली. अशी मी फक्त पुस्तकात पाहिली होती. बहुतेक पुन्हा त्रास देणार नाही."

जाताना ते घुटमळले. "माझे पेशंट मला कधी भेटत नाहीत. जरा चालून दाखवता?"

अक्काचा खांदा धरून, हॉस्पिटलच्या पाठीमागे उघड्या सदऱ्यात, मी खिडकीपर्यंत जाऊन आलो. त्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.