नऊ नंबरला खूण नव्हती

जपानला निघालेलं कुणी भेटलं की इथल्या, मस्कतच्या रुवी भागातल्या बायका त्याला माझ्याकडे पाठवतात. मी काही फार हिंडलेली बाई नव्हे. बारा दिवस गेले होते, तेही एकदाच, आणि इंग्रजी म्हणाल तर आकडे तेवढे वाचता येतात. पण आमच्या इमारतीतून तोवर कुणी गेलं नव्हतं, म्हणून मी जाणकार ठरले. नव्या लग्नाच्या मुली वही घेऊन येतात. मी चहा टाकते आणि सांगायला बसते.

मोजे फाटके नेऊ नका, हे पहिलं. दहा ठिकाणी चपला काढाव्या लागतात. दुकानात पैसे हातात देऊ नका, समोर तबक असतं त्यात ठेवा. बक्षिशी देऊ नका, मागे पळत येऊन परत करतात. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. रस्त्यात कचऱ्याचा डबा सापडत नाही, पर्समध्ये एक पिशवी ठेवा. शेवयांचं सूप सुरसुर आवाज करत प्यायलं तर चालतं, उलट त्यांना बरं वाटतं. पण भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवून ठेवू नका, ते मेलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात.

आणि शेवटी सांगते, सूप कशात केलंय ते आधी विचारा.

"पण मावशी, तुम्ही तर मासे खाता," एखादी म्हणतेच. "तुम्हाला काय फरक पडला?"

तेव्हा मी चहा गाळायला उठते. आज मात्र सांगते.

आमचे हे इथून तासाभरावर बरक्याला, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात, ड्राफ्ट्समन होते. तिथे त्यांचे एक जपानी साहेब होते. वीस वर्षं दोघांनी शेजारी शेजारी टेबलावर नकाशे काढले. साहेब कायमचे परत जायला निघाले तेव्हा त्यांनी यांना आलेखाच्या कागदावर छापल्यासारख्या इंग्रजी अक्षरात बावीस गोष्टी लिहून दिल्या. जपानला याल तेव्हा काय करावं, काय करू नये. तो कागद यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता, बघा.

मग यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. मस्कतच्या हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर बसून मी गावच्या देवीला बोलले, माणूस धड बाहेर येऊ दे, वर्षभर माशाला शिवणार नाही. आता मी मालवणकडची. गुरुवारी संध्याकाळी हे बरक्याच्या बाजारातून सुरमई आणायचे, ती साफ करता करता माझा आठवडा संपायचा. घरी आल्यावर यांना नवसाचं सांगितलं तर म्हणाले, "अगो, देवीने मागितलं होतं काय तुझ्याकडे?"

"मागायला कशाला हवं?"

"मग निदान कारलं सोडायचंस. माझी पण सुटका झाली असती."

पण त्यांनीही घरात मासळी आणणं बंद केलं.

नवसाचा नववा महिना चालू होता तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. पुढच्या वर्षी निवृत्ती, मग व्हिसा खलास, गावी गेलं की कसलं जपान? म्हणून लगेच तिकिटं काढली. निघायच्या आधी रोज जेवणानंतर हे तो कागद घेऊन बसायचे. एक मुद्दा वाचायचा, मला समजावायचा आणि पुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. नकाशातलं माप तपासून झालं की करतात तशी.

क्योतोला आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या छोट्या खानावळवजा घरात उतरलो होतो. पहिल्या रात्री ताट आलं त्यात भात, लोणचं, सोयाबीनच्या पनीरची वडी, भाजलेला मासा आणि झाकणाच्या वाटीत सूप. यांनी माशाकडे बोट दाखवून हात जोडले. बाईंनी वाकून तो उचलला आणि अंडं आणून दिलं. सूप तसंच राहिलं. मी घोट घेतला.

"कसं आहे?" यांनी विचारलं.

"बरं आहे. आपल्या कुळथाच्या कढणासारखं."

"मग पी गरम गरम," म्हणाले. पण बघत होते वाटीकडे, माझ्याकडे नव्हे.

सकाळ-संध्याकाळ सूप, दुपारी शेवयांच्या गाडीवर पुन्हा सूप. सहाव्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी रिकामी वाटी ठेवायला स्वयंपाकघरात गेले. बाई जमिनीवर बसून रंध्यासारखं पातं लावलेल्या लाकडी पेटीवर लाकडाचा तुकडा घासत होत्या. निदान मला लाकडाचा वाटला. खालून गुलाबी भुसा पडत होता. तो मूठभर उकळत्या पाण्यात टाकला आणि हसून एक ढलपी माझ्या तळहातावर ठेवली. मासा होता तो. सुकवून लाकूड केलेला.

खोलीत आले, यांच्या पिशवीतून कागद काढला. बावीस आकडे, एकवीस खुणा. नऊ नंबरला खूण नव्हती.

यांना उठवलं. "अहो, हे नऊ नंबरचं काय लिहिलंय?"

"ते काय... असंच आहे गो."

"वाचा."

चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला. तो डोक्यावरच होता. मग हळूच वाचलं. जपानात जवळजवळ सगळी सुपं आणि रस्से माशाच्या पाण्यात करतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग झालं तर."

"झालं काय? नवस तुमच्या जिवासाठी बोलले होते मी!"

"माझ्याच जिवासाठी ना? मग मोडला त्याचं पाप माझ्या डोक्यावर. देवीला मी सांगेन, हिला ठाऊक नव्हतं, लबाडी माझी."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी बाईंकडून 'यात मासा आहे का' एवढं एक जपानी वाक्य शिकून घेतलं. प्रत्येक खानावळीच्या दारात टोपी काढायचे, वाकायचे, ते वाक्य म्हणायचे. आतल्या माणसाने हो म्हणून मान हलवली की आम्ही पुढे. देवळाजवळ एका ठिकाणी समुद्री शेवाळाच्या पाण्यातलं जेवण मिळालं, तुम्हीही तसलंच शोधा. बाकीचे दिवस भाताचे गोळे आणि भाजलेली रताळी. ऑपरेशन झालेला माणूस, दोन दुकानं झाली की खांबाला हात टेकून उभा राहायचा. "थांबूया का?" मी म्हणायचे. "नको, पुढचं बघू. तुझं तोंड सुकलंय," म्हणायचे.

त्या हिवाळ्यात हे गेले. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातच. डॉक्टर म्हणाले हृदय आधीच दमलेलं होतं. मुलगा, ज्याच्याकडे मी आता इथे राहते, म्हणतो, आई, नवसाचा आणि याचा काही संबंध नाही. शिकलेला आहे तो, बरोबर बोलत असेल.

पण एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. बरक्याच्या किनाऱ्यावर तारल्या वाळत घालतात, अर्ध्या मैलावरून वास येतो. माझा जन्म त्या वासात गेला, इथेही आणि मालवणातही. मला सुकी मासळी कळू नये? पहिल्याच घोटाला कळलं होतं. नऊ महिन्यांनी जिभेला ती चव लागली आणि मी कुळथाचं नाव घेतलं. सहा दिवस प्यायले. त्यांच्या कागदावरचा बिनखुणेचा आकडा सापडला तेव्हा रागावणं सोपं होतं, म्हणून रागावले. मग सहा दिवस त्यांना दारोदार टोपी काढायला लावली.

वर्ष पुरं झाल्यावर, ते जायच्या आधी पाच-सहा महिने, आम्ही गावी ओटी भरायला गेलो होतो. गाभाऱ्यासमोर यांनी हात जोडले आणि गुरवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आई, हिला काही म्हायत नव्हतां. सगळां मी केलंय. काय असेल तां माझ्यावर घाल."

मी शेजारी उभी होते. तोंड उघडलंही होतं. गुरवाने हात पुढे केला, आणि मी नारळ त्याच्या हातात दिला.