‘बरं हाय’च्या आत पाहणारी आक्का

जाण्याच्या आठच दिवस आधी सुमनआक्का मला निपाणी स्टँडवर भेटली होती. बेळगावच्या गाडीत चढता चढता मी म्हटलं, ‘‘आक्का, लई वाळलीस गं. तब्येत?’’ ‘‘बरी हाय,’’ ती म्हणाली आणि माझी पिशवी खिडकीतून आत दिली. पुढच्या बुधवारी बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, तिच्या भावाचा फोन आला... आक्का गेली. पोटात गाठ होती, सहा महिने. घरात कुणाला बोलली नव्हती. मी फोन ठेवायचाही विसरले. महिना होत आला, तरी सुचत नाही. दुसऱ्याच्या ‘बरं हाय’वर विसंबू नये हे मला जिनं शिकवलं, तीच ‘बरी हाय’ म्हणाली आणि मी मुकाट्यानं गाडीत बसले!

आक्काची आई तंबाखूच्या वखारीत कामाला, घर बौद्ध वस्तीत. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास एका संस्थेनं म्हाताऱ्या माणसांची पाहणी काढली, तिथं आमची जोडी जमली. ज्या गल्लीतली म्हातारी माणसं जास्त दुःखी निघतील, तिथं दुपारचं जेवण आणि आठवड्याला डॉक्टर सुरू होणार होते. हातात छापील फॉर्म, प्रश्न सगळ्यांना एकच : तुम्ही समाधानी आहात का?

पहिल्या घरी कन्नड बोलणारी गंगव्वा आजी. ‘‘साकाग्यादव्वा, पुरं झालं आता, देवानं न्यावं,’’ म्हणाली. नात तिच्या पायाला तेल चोळत होती. मी लिहिलं, ‘दुःखी’. मग आक्काच्या वस्तीत, वखारीतच राबलेल्या गोदामावशीकडं. खोकत खोकत ती म्हणाली, ‘‘बरं हाय, लेकी. काय कमी न्हाय.’’ मी लिहिलं, ‘समाधानी’. आक्कानं माझा हात धरला.

‘‘थांब. वखारीत तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी दारात उभं करीत न्हवते. जलम गेला गप बसण्यात. ती तुला सांगंल व्हय?’’

मग ती मावशीपुढं जमिनीवर बसली. ‘‘मावशी, काल काय खाल्लंस?’’ ‘‘परवाची भाकरी हुती.’’ ‘‘आणि आज?’’ मावशीनं पदर तोंडाला लावला. मी हादरून फॉर्मकडं बघत राहिले.

‘‘मग गंगव्वा आजी खोटं बोलली?’’ वाटेत मी विचारलं. ‘‘न्हाय गं. तिचंबी दुखतंय. पर तिला बोलायची मुभा हाय.’’

संस्थेच्या साहेबांना हे पटेना. ‘‘प्रश्न सगळ्यांना सारखा, हाच न्याय,’’ ते म्हणाले. आक्का म्हणाली, ‘‘प्रश्न सारखा हाय सायेब, पर उत्तर द्यायची हिंमत सारखी न्हाय.’’ तिनं फॉर्मांवर सही केली नाही. तिचं काम गेलं. उरलेले फॉर्म मी भरले... हे आज लिहितानाही मान वर होत नाही.

जेवण अर्थातच गंगव्वा आजीच्या गल्लीत सुरू झालं. पहिल्याच दिवशी आक्का आपल्या वस्तीतल्या पाच म्हाताऱ्यांना घेऊन दारात उभी! वाढणारी बाई थबकली. गोदामावशी मागं फिरणार, एवढ्यात गंगव्वा आजी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडत म्हणाली, ‘‘बा यव्वा, कुंद्रु.’’ ये बाई, बस. दोन-तीन जणी उठून गेल्या. मावशी बसली. त्या दिवसापासून आक्का रोज त्यांना आणत राहिली, त्या पाचही जणी जाईपर्यंत.

परवा तिच्या खोलीवर गेले होते. खिडकीत खोबरेल तेलाची बाटली आणि फणी. रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका विंचरून घ्यायला येत, आणि पाठमोऱ्या बसल्या की आपसूक बोलू लागत, असं तिचा भाऊ सांगत होता. तेवढ्यात एक म्हातारी आत आली. तिनं मला निरखून पाहिलं, पाठ करून माझ्यापुढं बसली आणि केस सोडले. मी फणी उचलली. गुंता सुटत आला तशी ती म्हणाली, ‘‘सुमी गेल्यापास्नं जेवण जाईना बघ.’’