गळा नसलेली शाहीर

बनाबाईला गळा नव्हता. लहानपणी घटसर्प झाला, त्यातून ती वाचली. पण आवाज जो बसला तो बसलाच. बोलली की खडी घासल्यासारखं वाटायचं. ईट गावाच्या अलीकडच्या त्या बौद्ध वस्तीत जयंतीला गाणी व्हायची. तिचा दीर मच्छिंद्र पेटी वाजवायचा, पार्टी त्याचीच. लग्न होऊन आली त्या साली बनाबाईनं एकदा भीत भीत विचारलं, "भावजी, म्या बी म्हणू का एखादं?"

मच्छिंद्र हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "वयनी, तुमी टाळ्या वाजवा. टाळ्यास्नी बी माणसं लागत्यात."

तेव्हापासून ती टाळ्या वाजवत राहिली. गाणी डोक्यात यायची, ती डोक्यातच राहायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाबाहेर तलावाचं काम निघालं आणि सगळा मुलूख खडी फोडायला बसला. जे जन्मात दुसऱ्याच्या बांधावर गेले नव्हते, ते बागायतदारही टोपली घेऊन रांगेला लागले. वरून ऊन, खाली दगड, दुपारी खायला सरकारी सुकडी. बनाबाईच्या हातोड्याला एक ठेका होता. ठक, ठक-ठक, ठक. एके दिवशी त्या ठेक्यावर तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं:

"हातोडा म्हणतो फोड गं बाई, दगड म्हणतो सोड;
पोट म्हणतं दोघांस्नी बी, आधी भाकर जोड!"

गाणं नव्हतं ते. चाल नव्हती, ताना नव्हत्या. नुसतं बोलणं, पण ठेक्यात बसवलेलं. शेजारच्या बाया हसल्या आणि त्यांचे हातोडेही त्याच ठेक्यात पडायला लागले. "म्हण की गं अजून," मुक्ताबाई म्हणाली. ही तिची शेजारीण. बनाबाईनं म्हटलं. दुसऱ्या दिवशी लांबच्या ढिगावरच्या बाया सरकत सरकत जवळ आल्या.

ठेक्याला हातोडा पुरेना. हलगी वस्तीनं छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हाच खाली ठेवली होती. गावकीच्या कामांसोबत ती गेली, पुन्हा कुणी हात लावला नाही. मुक्ताबाईनं तेलाचा रिकामा डबा आणून दिला. तो मांडीत घेऊन बनाबाई दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली बसायची आणि बाया भोवतीनं. कधी मुकादमाच्या मिशीवर, कधी आभाळावर, कधी स्वतःच्याच फाटक्या लुगड्यावर ती जुळवायची. माणसं पोट धरून हसायची. हसताना माणूस भूक विसरतो, हे तिला तिथं कळलं.

त्याच लिंबाखाली पाण्याचे दोन रांजण होते. एक बाकी सगळ्यांचा, एक बौद्धांचा. बिरू नावाचा माणूस ओगराळ्यानं पाणी वाढायचा. दुसऱ्या रांजणाशी आला की हात उंच धरायचा आणि ओंजळीत वरून धार सोडायचा. निम्मं पाणी मातीत जायचं. एका दुपारी मुक्ताबाईची ओंजळ तशीच कोरडी राहिली, रांजणाचा तळ लागला. शेजारचा रांजण निम्मा भरलेला होता. बनाबाईनं डबा ओढला.

"नदी आटली, हीर आटली, आटलं डोळ्याचं पाणी;
जात तेवढी हिरवीगार, तिला कोण घालतंय पाणी?"

कुणी हसलं नाही. पलीकडं बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. त्यात उत्तरेश्वर होता. कुणबी घरचा, भजनात पहिला आवाज त्याचा. गावात त्याच्यासमोर कुणी गायला धजत नसे. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, तसा तो उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"गळा न्हाय, सूर न्हाय, ताल धरतोय डबा;
बाईमाणूस शाहीर झाली, गप्प बसा बाबा!"

गडी माणसांत हशा उसळला. बनाबाईचे कान तापले. तेच हसू, मच्छिंद्रचं. मुक्ताबाईनं तिचा पदर ओढला, "चल गं, उठ." पण बोटं डब्यावर होती आणि ती थांबली नाहीत.

"गळा तुमचा गोड दादा, सूर तुमचा खडा;
तहानेल्याला पाणी न्हाय, तर काय कामाचा घडा?"

उत्तरेश्वर म्हणजे भजनातल्या हजार ओळी पाठ असलेला माणूस, पण ह्या ओळीला त्याच्यापाशी जोड नव्हती. तेवढ्यात त्याची आई, कस्तुराबाई, कमरेवर हात ठेवून उठली. तोंडावर पदर ओढूनच ती रोज कामाला यायची. त्या दिवशी पदर मागं गेला. तिनं बिरूच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं, भरल्या रांजणात बुडवलं आणि मुक्ताबाईच्या हातात दिलं. "घे बाई. तुझ्या हातानं पी."

"आई!" उत्तरेश्वर म्हणाला.

"तिनं विचारलंय त्याचं उत्तर तुझ्यापाशी हाय का? न्हाय ना? मग बस खाली."

विटाळ मानणारी पाचदहा घरची माणसं त्या दिवसापासून घरून मडकं आणायला लागली. बाकीची त्याच रांजणाचं पाणी पीत राहिली. दुसरा रांजण भरायचं कुणी बंद केलं, ते कुणालाच कळलं नाही.

आठवड्यानं एका दुपारी उत्तरेश्वर येऊन बसला आणि म्हणाला, "बनाबाई, एक जुळवलंय. जोड द्या." तिनं दिली. त्यानंतर दोघांचा सामना रोजचा झाला आणि तो ऐकायला शेजारच्या कामावरची माणसंही येऊ लागली.

दुष्काळ सरला. पुढं काही वर्षांनी गावात दूध सोसायटी झाली. उत्तरेश्वर तिच्या पंचांत होता. उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती, मांडव पडला होता. तो स्वतः वस्तीत आला. "बाई, स्टेजवर तुमी पायजे. फकस्त..." तो घुटमळला. "पाण्याचं तेवढं नको. वरून सांगणं आलंय."

"न्हाय म्हणत त्ये," ती म्हणाली. त्याला अडचणीत आणायचं तिच्या मनात नव्हतं.

तिनं गाईवर म्हटलं, शेणावर म्हटलं, दुधात पाणी घालणाऱ्या नवऱ्यावर म्हटलं. मांडव हसला. पण मागं तलावावरच्या बाया बसल्या होत्या, त्यांना हे पुरेना. "पाण्याचं! पाण्याचं म्हण!" बनाबाईनं उत्तरेश्वरकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिनं शब्द पाळला. तोंड मिटून घेतलं आणि नुसता ठेका धरला. ते ओळखायला बायांना शब्द लागले नाहीत. पहिली ओळ एकीनं धरली, दुसरी सगळ्यांनी. बायकांच्या त्या घोळक्यात कस्तुराबाईचा थरथरता आवाजही होता.

त्या स्टेजवर तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. उत्तरेश्वरला पंचांनी बरंच ऐकवलं. त्यानं ते बनाबाईला कधी सांगितलं नाही, तिला दुसऱ्याकडून कळलं. मच्छिंद्र मात्र त्याच संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला.

"वयनी, जयंतीला पेटीच्या शेजारी बसा."

"आन् टाळ्या?"

"म्या वाजवतो की," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

पार्टीसोबत ती गावोगाव फिरली. एका वर्षी तेरखेड्याला कार्यक्रम होता. तिथं फटाक्यांचं काम. समोर बसलेल्या बायांची बोटं दारूनं काळी पडलेली. बनाबाईचं म्हणून झालं, तशी त्यातली सिताबाई नावाची एक उठली. "ताई, मला बी एक सुचतंय. म्हणू का?"

मच्छिंद्रनं पेटीवरचा हात काढून घेतला, बनाबाईनं डब्यावर ठेका धरला. सिताबाई थांबत थांबत म्हणाली:

"फटाका आमी वळतो बाई, आवाज तुमच्या दारी;
बोटं आमची काळी झाली, उजेड तुमच्या घरी."

ऐकता ऐकता बनाबाईची डब्यावरची बोटं तशीच थबकली. मग ती स्टेजच्या कडेला सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"इथं वर ये, अशी बस. आन् पुन्हा म्हण," ती म्हणाली. "माझा ठेका चुकला."