क्योतोत मोडलेला सौदा

क्योतोला निघायच्या आदल्या दिवशी मी आमच्या बाजाराच्या अध्यक्षांशी एक सौदा पक्का केला आणि मगच बॅग भरली.

पुण्यातल्या आमच्या बाजारात गाळामालकांना मत आहे, भाडेकरूंना नाही. जुने कपडे घेऊन भांडी देत मी दारोदार फिरले, त्यातून भाड्याचा गाळा घेतला. आज तिथलं भांड्यांचं सर्वांत मोठं दुकान माझं आहे. तरी वार्षिक सभेत मतदान आलं, की माइकवर सांगतात, "भाडेकरूंनी कृपया बाहेर बसावं." बारा वर्षं मी उठून बाहेरच्या बाकावर बसते आहे. ओट्यावर फुलं विकणाऱ्या हौसाबाईला आणि इतर पथारीवाल्यांना मात्र मत आहे, कारण गाळे बांधण्याआधी ती जागा त्यांची होती. मालकांना ओटा मोकळा हवा आहे. मी घासाघीस करून ठरवलं: भाडेकरूंना मत द्या, पथारीवाल्यांचं काढा. ठरावाचा मसुदाही मीच लिहिला. परतल्यावर तो सभेत येणार होता.

माझी भाची मुग्धा क्योतोत पीएचडी करते. तिथल्या बसमध्ये मी पुढच्या दाराने चढले. ड्रायव्हर माइकवरून इतक्या अदबीने बोलला, की मला वाटलं स्वागत करतोय.

"मावशी, मागच्या दाराने ये म्हणतोय तो," मुग्धा म्हणाली.

भांड्यांच्या एका दुकानात मी तांब्याच्या किटलीचा भाव पाडून मागितला. दुकानदाराने कमरेत वाकून नमस्कार केला आणि किटली परत फडताळात ठेवली. मला राग आला, पण समोरचा भांडतच नसेल तर करणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ओकादा-सान या आजी काइरानबान (गल्लीत घरोघरी फिरणारी सूचनांची फाइल) घेऊन आल्या. कचऱ्याचा वार बदलायचा होता आणि त्यावर घरोघरचं म्हणणं मागवलं होतं. मुग्धाने आपलं लिहून शिक्का मारला.

"तू तर भाडेकरू," मी म्हटलं.

तिने ते आजींना सांगितलं. आजी काही बोलल्या आणि हसल्या.

"त्या म्हणतात, कचरा तर हिचाही असतो ना."

मला दिवसभर मुग्धाचा हेवा वाटत राहिला.

दुपारी आम्ही कामो नदीच्या काठावर ओनिगिरी (भाताचा वळलेला त्रिकोणी गोळा) खात बसलो. आत बोराएवढं लोणच्याचं आंबट फळ निघालं, ते मला आवडलं. मुग्धाला विद्यापीठात भाषण करायचं होतं, त्याची तालीम ती माझ्यासमोर करू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका. मालमत्ता असेल त्यालाच मत, ही अट एकेका राज्यात सुटत गेली. सुतार, चांभार, रोजंदारीवरची माणसं मत देऊ लागली, आणि मोठमोठे पुढारी त्यांच्या दारी यायला लागले.

"बरोबर केलं," मी म्हटलं. "यायलाच हवेत."

"पुढे ऐक. न्यू जर्सी राज्यात आधी मालमत्ता असलेल्या एकट्या बायका आणि काही काळी माणसंही मत देत होती. कर भरणाऱ्या गरीब गोऱ्या पुरुषांसाठी दार उघडलं, त्याच कायद्याने यांचं मत काढून घेतलं."

"ते का?"

"सौदा, मावशी. एकाच पक्षातल्या दोन गटांनी आपसात देवाणघेवाण केली."

"मग दुसरं काय करणार होते ते? काही सोडल्याशिवाय काही मिळतं का? पुस्तकं वाचून तुला बाजार काय कळणार?"

काठावरचे दोघेतिघे वळून बघू लागले. मुग्धा हळूच म्हणाली, "मी तुला कुठे काय म्हटलं?"

ती खरोखरच काही म्हणाली नव्हती. मी नदीकडे बघत बसले. आयुष्यभर मी सौदे केले, पण जे द्यायचं ते माझ्या टोपलीतलं असायचं. या वेळी मी हौसाबाईची साडी देऊन स्वतःसाठी पातेलं घेतलं होतं, आणि तिला विचारलंही नव्हतं.

तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. "पथारीवाल्यांचं कलम काढा."

"मग भाडेकरूंचंही निघेल, बाई."

"निघू द्या."

परतल्यावर चौथ्या दिवशी सभा झाली; त्यात अध्यक्षपदाची निवडणूकही होती. मतदानाच्या वेळी मी पुन्हा बाहेरच्या बाकावर. शेजारी भाडेकरू चप्पलवाला होता; ठराव मी मागे घेतल्याचं त्याला कळलं होतं. "ताई, तुमच्यापायी आमचंही गेलं," एवढं बोलून तो सरकून लांब बसला. त्याचं चुकलं नव्हतं.

थोड्या वेळाने हौसाबाई मत देऊन बाहेर आली.

"कुणाला दिलंस गं?"

"अध्यक्षालाच की. भला मानूस हाय. सुनेच्या बाळंतपनात चौकशी करून गेला."

"तो मला आत येऊ देत नाही."

"तुला न्हाई येऊ देत. मला देतो की."

डोक्यात सणक गेली. याच अध्यक्षांनी माझ्याशी सौदा करून तिचं मत काढून घ्यायचं कबूल केलं होतं, हे ओठांवर आलं. पण ते मत देऊन टाकायला मीच निघाले होते. आणि मत तिचं होतं, कुणाला द्यायचं ते मी सांगणारी कोण?

आता नवा मसुदा लिहायला घेतला आहे. त्यात पथारीवाल्यांच्या मताला हात लावलेला नाही. मालकांना बदल्यात काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. जे देईन ते माझं असेल, एवढंच ठरलं आहे.