एक शून्य कमी

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती घटना मनातून जात नाही.

नागपूरच्या लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या बायकोनं नवरा बेपत्ता असल्याची नोंद केली. दुसऱ्याच दिवशी तिचा दीर ठाण्यात हजर झाला. "साहेब, भाऊ कुवेतले निघून गेला. मले फोन आला होता त्याचा. नोंद काढून टाका."

ऐंशीच्या दशकात आखातात जाणारे कमी नव्हते. वरिष्ठांना ते पटलं. फाईल बंद करण्याचा हुकूम आला. बाई मात्र बाकावरून उठेना.

"मले न सांगता ते भिवापूरलेही जात नाहीत. कुवेतले जातील? शोधत नाही असं लिहून द्या साहेब, मग उठीन."

असं लिहून देणारा अधिकारी मी नव्हतो. फाईल उघडीच ठेवली आणि दिराच्या मागावर खबऱ्या लावला. बातमी आली, की जेवणाचा डबा घेऊन त्याची स्कूटर रोज शहराबाहेर वाडी भागातल्या गोदामांकडे जाते. वाडीत त्याचं ना दुकान, ना कोणी सोयरं.

त्याला बोलावून चहा पाजला. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, बोलू द्यावं.

"भावाशी पुन्हा बोललात?"

"हो ना. त्यानं नंबर देला होता. मीच दुकानातून थेट लावला."

"कसा लावला?"

"पहिले शून्य, मंग कुवेतचा कोड नऊ सहा पाच, मंग नंबर."

"एकच शून्य?"

"मुंबईले लावतो तसंच."

तिथंच तो अडकला. देशातल्या दुसऱ्या शहरासाठी आधी एक शून्य, मग शहराचा कोड. मुंबईचा बावीस, आमच्या नागपूरचा सातशे बारा. परदेशासाठी दोन शून्यं, मग देशाचा कोड. एका शून्यावर लावलेला फोन देशाबाहेर जातच नाही. शिवाय परदेशी फोनची सोय मागून घ्यावी लागे. टेलिफोन एक्स्चेंजला विचारलं; त्याच्या दुकानाच्या फोनवर ती नव्हतीच.

हे समोर ठेवल्यावर भाऊ कुवेतला गेलाच नसल्याचं त्यानं कबूल केलं. संध्याकाळच्या आत त्यानं वाडीतली भाड्याची खोली दाखवली. पंचांसमक्ष कुलूप उघडलं. भाऊ खाटेला बांधलेला, तापानं फणफणलेला, पण जिवंत होता. वडिलोपार्जित जागा विकायला तो सही देत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

मग नातेवाईक जमले. घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या, म्हणाले. वरूनही तसाच निरोप आला. बाईंनी सर्वांसमोर विचारलं, "घरच्यानं बांधला म्हणून दोर कमी काचते काय?"

तक्रार मागे घेतली गेली नाही. कोर्टात दिराला शिक्षा झाली.

ज्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, त्याला आणखी एक प्रश्न विचारावा, हे मी त्या प्रकरणात शिकलो. हुकूम मोडल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी एकच ओळ लिहिली: माणूस सापडल्याशिवाय तपास संपत नाही. कोणी आज विचारलं, तरी तीच लिहीन.